कुत्रीचा बंगला

रायपूरच्या भनपुरीत मेश्रामांचं घर विचारलं तर पानठेलेवाला डोकं खाजवतो. एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मेश्राम तरी किती. पण "कुत्रीचा बंगला कुठं?" म्हटलं की चुन्याची काडी हातात तशीच धरून तो दाखवतो, "वो देखो ना, ट्रकबॉडीवाले के पीछे. जहाँ से नाक बाहर निकली है."

नाक बोटीची. लाल-पांढरी, टोकदार, फायबरची स्पीडबोट, लोखंडी ट्रॉलीवर चढवून अंगणात उभी. समुद्राचं सोडा, आसपास पोहायला धड डबकंसुद्धा नाही. आजूबाजूला ट्रक, टायर, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि मध्येच ही, लग्नाच्या मांडवात चुकून शिरलेल्या परक्या पाहुणीसारखी. नाकावर तिचं खरं नाव रंगवलंय, तेजस्विनी. ते नाव घेतो एकटा तुळशीराम. बाकीचा पारा शेवंतानं ठेवलेलं नाव घेतो.

शेवंता म्हणजे तुळशीरामाची बायको. लोक तिला रागीट म्हणतात, ते चूक आहे. रागीट माणसाला राग येतो आणि जातो. शेवंताला राग एकदाच आला, तो परत गेलाच नाही. घरच्या माणसासारखा तो सकाळी तिच्याबरोबर उठतो, तिच्याबरोबर चहा पितो आणि अंगणात येऊन बोटीकडे बघत उभा राहतो.

हा राग आला तेव्हा रायपूर राजधानी व्हायचं होतं. तुळशीराम धमतरीकडे, गंगरेलच्या धरणावर हिरालाल सेठकडे नोकरीला होता. सेठ ठेकेदार. गिट्टी पुरवायची, सिमेंट पुरवायचं आणि साहेबलोकांच्या हौशी पुरवायच्या, हे त्याचं काम. त्यासाठीच त्यानं ही बोट मुंबईहून ट्रकवर घालून आणली होती. तुळशीराम तिचा मिस्त्रीही आणि ड्रायव्हरही. साहेब यायचे, साहेबांचे साडू यायचे, नवी जोडपी यायची. घरी आला की तुळशीराम ताटावर बसून सगळं करून दाखवायचा. ओठ फुरफुरवून इंजिनाचा आवाज काढायचा, वरणाच्या वाटीचं नाक वर करायचा. "घर्रर्र... मंग ते असं नाक उचलते पाह्य. मंग पानी दोनीकडं फाटते."

शेवंता नवी नवरी होती. भाकर थापता थापता तिचा हात थांबायचा.

"मले कधी बसवता?"

"ये ना एखाद्या रविवारी. समोरच्या सीटवर बसवतो तुले. माह्या बाजूनं."

ती गेली. लग्नातली हिरवी साडी नेसून, डब्यात वांग्याची भाजी घेऊन, दोन बस बदलून गेली. धक्क्यावर बोट उभी होती, नुसती चमकत. मागच्या दोन सीटांवर सेठानी आणि सेठानीची बहीण. पुढं तुळशीराम. आणि त्याच्या बाजूच्या सीटवर पांढरी, केसाळ, गळ्यात गुलाबी रिबिन बांधलेली डॉली.

"तुलसीऽऽ," सेठानी नाकातून बोलायची, "डॉली को पीछे उलटी आती है नाऽऽ. उसको आगे ही रहने दो."

तुळशीरामानं बायकोकडं पाहिलं, कुत्रीकडं पाहिलं आणि म्हणाला, "जागा नाई, शेवंता. पुढच्या फेरीले."

पुढच्या फेरीला कुणी इंजिनियर आले. त्याच्या पुढच्या फेरीला त्यांचेच मेहुणे आले. मग शेवटची बस आली. शेवंता डबा तसाच घेऊन परत निघाली. बसच्या खिडकीतून तिला शेवटचं जे दिसलं ते असं, की बोटीनं नाक उचललंय, पाणी दोन्हीकडे फाटलंय आणि डॉली डोळे मिटून वारा खातेय.

त्या दिवशी तिनं ठरवलं, की आता मागायचं नाही. एकदा माणूस मागतो, दुसऱ्यांदा भिकारी मागतो. त्या सीटवर बसून पाण्यावर एक फेरी तिला हवी होती, पण ती त्यानं आपल्या तोंडानं देऊ केली पाहिजे होती. कुणी न सुचवता, न ढकलता. दोन शब्द, 'शेवंता, बस.' त्या दोन शब्दांसाठी ती थांबली, आणि थांबलेलं दूध जसं नासतं तशी आतून नासत गेली.

मग छत्तीसगड राज्य झालं. रायपूर राजधानी. गल्लीतल्या पंक्चरवाल्याच्यासुद्धा चालीत फरक पडला. नेमक्या त्याच वर्षी हिरालाल सेठचा शौक फिटला. साहेब आता धरणावर यायचे सोडून विमानानं कुठं कुठं जायला लागले होते. सेठ प्रत्येक वाक्याला 'समझे'चा खिळा ठोकायचा. "तुलसी, तू ही ले जा इसको, समझे. जगह खा रही है, समझे. फोकट में दे रहा हूँ, समझे."

तुळशीराम समजला. बोटीला झेंडूचा हार घालून, ट्रकमागं जोडून त्यानं ती भनपुरीत आणली. जिथं शेवंताचं स्लॅबचं स्वयंपाकघर व्हायचं होतं त्या जागेवर उभी केली.

"राजधानी झाली वं आता. तेलीबांध्याच्या तलावात बोटी चालतीन. पयली आपली."

तेलीबांध्यात बोटी चालल्या. पायडल मारायच्या, बदकाच्या तोंडाच्या आणि दुसऱ्याच कुणाच्या. तुळशीराम ट्रकच्या गॅरेजात लागला आणि शेवंता पत्र्याखालीच रांधत राहिली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा तेव्हा ती पदरानं मान पुसत अंगणात बघायची. बोटीवर मात्र ताडपत्रीची सावली.

"विका तिले," ती म्हणायची.

"विकीन ना. चांगलं गिऱ्हाईक तं येऊ दे."

एकदा तिनंच भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं बोटीभोवती फेरी मारली आणि टरबूज ठोकावं तशी ती ठोकून पाहिली. "ये तो फायबर है, दीदी. फायबर का कुछ नहीं आता. लोहा हो तो बोलो." ती हटेना तेव्हा म्हणाला, "चलो, आप बोल रही हो तो लहसुन दे दूँगा. पाव भर." गल्ली खो खो हसली. तुळशीराम मात्र घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे डोळे ओले होते. शेवंतानं ते पाहिलं आणि तिचा राग आणखी एक वीत वाढला. डब्यातली वांग्याची भाजी परत आली होती तेव्हा हे डोळे कोरडे होते.

पण शेवंता नुसती धुमसत बसणारी बाई नव्हे. बोट हलत नाही ना, मग राबू दे. चौदा एप्रिलची जयंती झाली की वाळवणाचे दिवस. गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, घोटून शिजवायचा आणि सोऱ्यातून गरम गरम कुरड्या घालायच्या. इतर घरी खाटेवर घातल्या की बकऱ्या खायच्या, ओट्यावर घातल्या की कुत्री चाटायची. शेवंतानं एका सकाळी बोटीची ताडपत्री फरकन ओढली, सीटांवर आडव्या फळ्या टाकल्या, मागच्या टोकापासून नाकापर्यंत जुनी धुतलेली लुगडी अंथरली आणि वर कुरड्याच कुरड्या घातल्या. बकरीला पोचता येईना. फायबर तापून चार दिवसांत खालूनसुद्धा खडखडीत.

"मावशी, माह्याबी घालू द्या ना एक घाणा," शेजारची सुशीला म्हणाली.

"घाल. कुत्रीचा बंगला हाय, कोणीबी या."

पुढच्या वर्षापासून पाऱ्यातल्या बाया पाळी लावायला लागल्या. त्यांचा एकच नियम होता, की कुणाचीही असो, ओली कुरडई उचलायची नाही. ओली उचलली की तुटते, वर्षाची मेहनत भुग्यात जाते आणि जिनं उचलली तिच्याशी पुढल्या उन्हाळ्यापर्यंत कुणी बोलत नाही. एकदा सुशीलाच्या सासूच्या मयताला लोक जमले, अंगणात जागा हवी होती, तरी कुरड्या वाळेपर्यंत बोट कुणी हलवली नाही. लोक बोटीला वळसा घालून रडले.

अशी वर्षं गेली. बोटीच्या नाकामागच्या पांढऱ्या टपावर कुरड्यांची गोल गोल वळणं उमटली, कुठं हळदीचा पिवळा, कुठं मिरचीचा तांबूस डाग. तुळशीराम बोलत नसे. हिवाळा सरला की इंजिनाचा पाय पाण्याच्या ड्रमात बुडवून ते एकदा चालवायचा. घर्रर्र. गल्लीभर धूर. तो डोळे मिटून उभा राहायचा, हुबेहूब डॉलीसारखा. शेवंता दारातून बघायची. 'आता म्हणतो का,' तिला वाटायचं, 'आता तरी?' तो इंजिन बंद करायचा, गमछ्याला हात पुसायचा आणि म्हणायचा, "शेवंता, चा टाक."

यंदा त्यांच्या मुलीनं, रीनानं बोटीचा फोटो काढून मोबाईलवर टाकला. रीना नव्या रायपुरात एका ऑफिसात आहे. आई मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. "काहून टाकला वं फोटो?" "अरे माँ, ऐसे ही. लोगों को पुरानी चीज़ें पसंद आती हैं आजकल."

आणि पसंत आली. चवथ्या की पाचव्या दिवशी ट्रकांच्या रांगेतून वाट काढत एक भलीमोठी गाडी आली आणि तिच्यातून गॉगल लावलेला पराग उतरला. तेलीबांध्याकडे ऑफिस असलेला बिल्डर. आजोबा नागपूरचे, म्हणून मराठी समजते, तोंडातून मात्र हिंदीच येते, त्यात इंग्रजीचे काजू. त्याच्या मागून उतरला ब्रूनो. तपकिरी, वासराएवढा कुत्रा.

"अंकल," पराग बोटीवर हात ठेवून म्हणाला, "अंकल, ये क्लासिक है. अब बनती ही नहीं. आपको मालूम है आपके आँगन में क्या खड़ा है?"

'रोज वळसा घालून पानी भरते बाप्पा,' शेवंता मनात म्हणाली, 'मले नाई तं कोणाले मालूम.'

"बचपन में पापा के साथ गंगरेल गया था. यही बोट थी, आई स्वेअर. हमको बैठने नहीं मिला. जगह नहीं है बोले." पराग हसला. "तब से दिमाग में है."

शेवंताच्या हातातला लोटा थांबला. यालाही जागा नव्हती. पण याला जागा नव्हती तर हा मोठा होऊन आख्खी बोटच विकत घ्यायला आला. तिला मात्र त्याच बोटीचं धुणं मिळालं होतं.

परागनं भाव सांगितला. तुळशीराम उभ्या जागी दोन बोटं उंच झाला. भावानं नाही, 'क्लासिक'नं झाला. त्याची जीभ सुटली. धरण, वारा, साहेब, वळण कसं घ्यायचं, सगळं सांगू लागला. पराग मान डोलवत होता. मग टपावरून हात फिरवून म्हणाला, "ये जो दाग हैं ना, गोल गोल, ये बफिंग में निकल जाएँगे. टेन्शन नहीं. संडे को मेरे प्रोजेक्ट का फंक्शन है, पीछे अपना ही तालाब है. आप खुद चलाना अंकल. हीरो एंट्री."

"हव, हव," तुळशीराम म्हणाला.

तेवढ्यात ब्रूनोनं उडी मारली. ट्रॉलीच्या चाकावर पाय, तिथून आत, आणि थेट समोरच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला. जीभ काढून बसला.

"देखो, इसकी सीट पक्की," पराग म्हणाला. तुळशीराम हसला. खुशाल हसला.

गाडी गेल्यावर शेवंता त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी बोंबलून राहिली विका विका, तवा तुमाले गिऱ्हाईक चांगलं पायजे होतं. आता गॉगलवाल्यानं एक इंग्रजी शब्द फेकला अन् देऊन टाकली?"

"पैशाचं नाई वं. त्याले तिची किंमत समजली."

"अन् ते दाग?"

"कोणते दाग?"

पुढचं तिच्या दातांपर्यंत आलं होतं. पण ते बोलणं म्हणजे मागणं झालं असतं. ती गिळून आत गेली आणि परातीतल्या कणकेला असे बुक्के मारले, की रीनानं मोबाईल बाजूला ठेवला. "माँ, हुआ क्या?" "काई नाई. तुह्या बापाले कुत्रे लई आवडतेत."

गहू आधीच भिजलेला होता. शुक्रवारी शेवंतानं चूल पेटवली आणि सुशीलाकडून सगळ्या पाऱ्याला सांगावा धाडला, की पाळीबिळी काही नाही, सगळ्यांनी आजच घाला. बाया चिकाची पातेली घेऊन आल्या. दुपारपर्यंत तेजस्विनीचा एक तळहात कोरा राहिला नाही. नाकाच्या टोकावर सुशीलाची शेवटची कुरडई लोंबत होती.

शनिवारी सकाळी परागची गाडी, ट्रॉली ओढायला जीप आणि चार मजूर दारात हजर.

पराग बघतच राहिला. "ये... ये क्या है?"

"कुरडई," सुशीला म्हणाली. "तलके खाते हैं, भैया. फूलती है."

"वो तो मालूम है, नानी बनाती थी. उठवा लीजिए ना आंटी. कपड़ा चारों कोने से पकड़ के..."

"ओली उचलत नाई," शेवंता पायरीवर बसून म्हणाली. आवाज थंड होता. अशा वेळी पाऱ्यातली पोट्टी चपला हातात घेऊन पळतात.

"कितना टाइम लगेगा?"

"ऊन राहीन तसं."

"कल मेरा फंक्शन है, आंटी. दो सौ लोग. मैं नई दिलवा देता हूँ, इससे डबल. पैकेटवाली."

पॅकेटवाली हा शब्द अंगणात पडला तो मेलेल्या उंदरासारखा पडला. शेवंता उठली.

"सायेब, तुमी म्हणता दाग निंगून जातीन. हव, जातीन. पण ते दाग म्हंजे या बायांचे हात हायेत. बोट भंगारात लसणाच्या भावात जाऊन राहिली होती तवा तिले क्लासिक म्हनायले कोणी नाई आलं. तवा ती आमी वापरली. धुतली, पुसली, झाकली. आता तुमी तुमाले पायजे तवा न्याल, कुत्र्याले बसवाल, अन् मले सांगाल उचल? नाई उचलत."

परागनं तुळशीरामाकडे पाहिलं. "अंकल, आप समझाइए ना."

सगळ्या बाया तुळशीरामाकडे बघायला लागल्या. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, उद्याच्या हीरो एंट्रीची रंगीत तालीम म्हणून. तो बोटीपाशी गेला. टपावरच्या एका ओल्या कुरडईचं वळण बोटानं चाचपलं. ब्रूनो गाडीच्या खिडकीतून भुंकला. तुळशीरामानं कुत्र्याकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं. त्याच्या तोंडावरून काहीतरी उतरत गेलं, पूर ओसरल्यावर दगड उघडा पडावा तसं.

"साहेब," तो म्हणाला, "ओल्या कुरड्या उचलत नाई. नियम हाय."

जीप रिकामी गेली. रविवार गेला, फंक्शन कुठल्याशा फुग्यांच्या कमानीवर निभावलं. सोमवारी परागचा फोन आला, आणि गंमत बघा, भाव चढला होता. नकार ऐकला की बोट आणखी क्लासिक होते म्हणे. तुळशीरामानं फोन शेवंतापुढं धरला. आजवर त्यानं तिच्यापुढं फोन धरला नव्हता.

"मंगळवारी वाळतीन," ती म्हणाली. "मंग न्या."

राग गेला नव्हता. पण कुरड्या वाळल्यावर खोटं बोलून अडवणारी ती बाई नव्हती.

मंगळवारी बायांनी कुरड्या डब्यांत भरल्या. ट्रॉली जीपला जोडली. टाकीत तळाशी थोडंसं पेट्रोल होतं, भरलेली कॅन तुळशीरामानं समोरच्या सीटवर ठेवली. ब्रूनोनं पाहिलं, दोन ढांगा मागं सरला आणि उडीच्या बेतात आला. तुळशीराम आडवा झाला.

"ए. नाई. हट."

आयुष्यात कुणाच्याच कुत्र्याला तो असं बोलला नव्हता. त्यानं सीटवरची कॅन उचलली, ओट्यावर ठेवली. गमछ्यानं सीट पुसली, एकदा, दोनदा. मग मागं न बघता, बोटीशीच बोलावं तसं म्हणाला,

"शेवंता, बस."

सुशीलाच्या हातातला डबा तेवढा वाजला.

"आता?" शेवंता म्हणाली. "म्हातारी झाल्यावर? पानी कुठं हाय इथं?"

"तिकडं हाय."

"आंटी, रोड पर ट्रॉली में बैठना... चालान कट जाएगा," पराग म्हणाला.

"कटू द्या," शेवंता म्हणाली आणि पदर खोचून चढली. घरातल्या साडीवरच. हिरवी साडी तिनं कधीच गोधडीत शिवून टाकली होती.

रिंगरोडवर ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. तेलीबांध्याला सिग्नलवर एका स्कूटरवालीनं विचारलं, "आंटी, कहाँ?" शेवंतानं समोर बघत सांगितलं, "पानी पे." नव्या रायपुरात रस्ते इतके रुंद आणि रिकामे, की जीपनं वेग घेतला आणि वाऱ्यानं तिचा पदर उडाला. तिनं डोळे मिटले नाहीत. हट्टानं उघडे ठेवले. डोळे मिटून वारा डॉली खायची.

परागच्या कॉलनीमागच्या तलावात बोट उतरवली. "अंकल, एक राउंड, फिर मैं," पराग काठावर ब्रूनोचा पट्टा धरून म्हणाला. "पयली फेरी घरची," तुळशीराम म्हणाला आणि दोरी ओढली. घर्रर्र. नाक उचललं. पाणी दोन्हीकडं फाटलं. अगदी वरणाच्या वाटीनं दाखवलं होतं तसं. शेवंतानं बोटीचा काठ घट्ट धरला होता आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा हे काठावर कुणाला कळलं नाही.

तलावाच्या मधोमध इंजिन खोकलं. फट. फट. बंद.

"काय झालं?"

"पेट्रोल," तुळशीराम म्हणाला.

"कॅन?"

"ओट्यावर. तुले जागा करून देली ना."

बोट वाऱ्यानं हळूहळू गोल फिरायला लागली. शेवंतानं चारी बाजूंना पाहिलं. पाणीच पाणी. गॅरेज नाही, पानठेला नाही, भिंत नाही. या माणसाला उठून जायला जगात जागा उरली नव्हती. तिनं पदर नीट केला, सीटवर आडवी वळून त्याच्याकडं तोंड केलं.

"तुलसीऽऽ," ती नाकातून म्हणाली, अशी की सेठानी असती तर दचकली असती, "डॉली को उलटी आती है नाऽऽ."

आणि मग ती सुरू झाली. परत आलेला डबा. दोन बस. पत्र्याखालची चूल. समझे. पाव भर लसूण. दरवर्षीचं इंजिन आणि दरवर्षीचा 'चा टाक'. ज्याचा त्याचा आवाज काढून, ज्याचं त्याचं तोंड करून. तुळशीरामानं एकदाही 'जाऊ दे ना' म्हटलं नाही. मांडीवर हात ठेवून ऐकत होता, कपाळावरचा घाम पुसत नव्हता.

काठावरून परागनं माणूस पाठवला. बदकाच्या तोंडाची पायडलबोट पाणी चावत चावत जवळ आली.

"माताजी, रस्सी फेंकूँ क्या? खींच लेता हूँ."

शेवंतानं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

"थांब, भैया. माहं अजून झालं नाई."